तंबूत सीपॅप चालवायचे आहे, कोणती बॅटरी घ्यावी?

कोथरूडकर:
डिसेंबरात भंडारदऱ्याला धरणाच्या काठी दोन रात्री तंबूत राहण्याचा बेत आहे. तंबूवाले रात्री अकरानंतर जनरेटर बंद करतात आणि स्लीप अ‍ॅप्नियामुळे (झोपेत श्वास अडण्याचा आजार) मला सीपॅपशिवाय, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या यंत्राशिवाय, झोपता येत नाही. यंत्र रेसमेडचे एअरसेन्स 10 असून त्यावर हवेचा दाब 9 ठेवलेला आहे. गाडी तंबूपर्यंत जाते. दहा हजार रुपयांच्या आत काय घ्यावे?

रानवाटा:
मी हजार वॅट-तासांचे पॉवर स्टेशन घेतले आणि प्रश्न कायमचा मिटला. किंमत तुमच्या आकड्याच्या कितीतरी पुढे जाते, पण तब्येतीपुढे पैशाकडे पाहू नये. रात्रभर यंत्र चालवून सकाळी त्यावरच सगळ्या मंडळींना चहा करून दिला.

अँपिअर_अण्णा:
विचारणाऱ्यांनी दहा हजार म्हटले आहे, चहाचे काही म्हटलेले नाही. अडॉप्टरवर 90 वॅट लिहिलेले पाहून घाबरू नये, ती कमाल मर्यादा असते. खरी वीज पाणी तापवणारा ह्युमिडिफायर आणि गरम होणारी नळी खातात. ती दोन्ही बंद ठेवली, तर या दाबाला यंत्र साधारण दहा वॅटच्या आसपास चालते, म्हणजे आठ तासांना ऐंशी वॅट-तास. 12.8 व्होल्ट, 20 अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत 256 वॅट-तास असतात. त्यात दोन रात्री निघतील. मात्र यंत्र 24 व्होल्टचे असल्याने मध्ये डीसी कन्व्हर्टर (बॅटरीचा व्होल्टेज 24 वर नेणारे उपकरण) लागेल आणि तो याच मॉडेलचा घ्यावा, कारण याच्या पिनेला मध्ये तिसरा काटा असतो. इन्व्हर्टरने आधी 230 व्होल्ट करायचे आणि अडॉप्टरने पुन्हा 24 वर उतरवायचे, यात वीज फुकट जाते.

नाशिकची_माई:
काहीही करा, पण गाडीच्या बॅटरीवर विसंबू नका. आमच्या ह्यांनी गाडीच्या सॉकेटला यंत्र लावले, तेही ह्युमिडिफायर चालू ठेवून. सकाळी गाडी काही केल्या सुरू होईना. शेंडी गावाहून माणूस जम्पर केबल घेऊन येईपर्यंत दुपार झाली आणि रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर पाहायचे राहिले ते राहिलेच.

गडकरी_नव्हे:
बॅटरी जुनी असणार. माझ्या डिझेल गाडीवर रात्रभर दिवे लावले तरी ती एका चावीत सुरू होते.

नाशिकची_माई:
बॅटरी त्याच दिवाळीत बदललेली होती, पावती अजून घरात आहे.

घोरासुर:
ह्युमिडिफायर बंद ठेवावा, हे अजून कोणी सांगितले नाही म्हणून सांगतो. खरे तर दोनच रात्रींचा प्रश्न असेल, तर यंत्र घरी ठेवून कुशीवर झोपावे.

अँपिअर_अण्णा:
ते मी वर सांगितले आहे. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय यंत्र सोडून झोपण्याचा सल्ला कृपया कोणाला देऊ नका.

साखरझोप:
ह्युमिडिफायर बंद केला, तरी टाकीत पाणी असू द्यावे. हीटर नसला, तरी हवा पाण्यावरून जाताना थोडा ओलावा घेते आणि घशाला कोरड कमी पडते. यंत्र उशीपेक्षा खालच्या पातळीला, सपाट जागी ठेवावे, म्हणजे टाकीतले पाणी मास्कपर्यंत येणार नाही. कडाक्याच्या थंडीत नळीत आतून पाणी धरते, म्हणून ती पांघरुणाखालून घ्यावी. हलवाहलव करण्याआधी टाकी मात्र आठवणीने रिकामी करावी.

कोथरूडकर:
सर्वांचे आभार. मेहुण्याने नवे घर घेतल्यापासून त्याच्या जुन्या घरचा इन्व्हर्टर आणि 150 अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी पडून आहे. तीच गाडीत टाकून नेणार आहे. अण्णांचा हिशोब मान्य आहे, पण निम्मी बॅटरी वापरली, तरी नऊशे वॅट-तास मिळतात, म्हणजे थोडी वीज फुकट गेली तरी परवडते आणि ह्युमिडिफायरही सुरू ठेवता येतो. वाचलेल्या पैशांत नवा मास्क घेतो, जुना गालाशी गळतो आहे.

अँपिअर_अण्णा:
पन्नास किलोंहून जड असलेले, आम्लाने भरलेले धूड घाटातून नेण्यापेक्षा माझे ऐकले असते, तर बरे झाले असते. निदान इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखी सुरळीत लहर देणारा) आहे की स्क्वेअर वेव्हचा, हे पाहून घ्या, कारण स्क्वेअर वेव्हवर हे यंत्र लावू नये. बॅटरी उभीच ठेवा, टर्मिनलवर झाकणे लावा आणि निघण्यापूर्वी घरीच एक रात्र भिंतीतला प्लग काढून तिच्यावर झोपून पाहा.

कोथरूडकर:
इन्व्हर्टरवर साइन वेव्ह असे लिहिले आहे. शनिवारी रात्री चाचणी घेतो.

रानवाटा:
पॉवर स्टेशनवर सध्या सवलत सुरू आहे.