रॅडबोर्नचे १८८४ चे विजय ५९ की ६०?

सड्यावरचा, देवगड
गणपतीत वाडीतल्या पोरांसाठी खेळांची प्रश्नमंजुषा ठेवलीय. अमेरिकन बेसबॉलमधला पिचर (चेंडू टाकणारा) चार्ल्स ‘ओल्ड हॉस’ रॅडबोर्नने १८८४ त त्याच्या प्रॉव्हिडन्स ग्रेज संघाला किती सामने जिंकून दिले, याचं उत्तर एका यादीत ५९, दुसरीत ६०. कुठलं धरू? आणि एकट्याने ६७८ डाव टाकले हे पोरांना पटणार कसं?

रापणकर
घोळ २८ जुलैच्या फिलाडेल्फियाच्या सामन्याचा. पहिले पाच डाव संघातल्याच दुसऱ्या पिचरने, सायक्लोन मिलरने टाकले, उरलेले चार रॅडबोर्नने. प्रॉव्हिडन्सने आघाडी घेतली तेव्हा रॅडबोर्न टाकायला आलाच नव्हता, म्हणून आजच्या नियमाने विजय मिलरचा. त्या वेळी मात्र तो रॅडबोर्नच्या नावे मांडला गेला. दोन्ही उत्तरांना गुण दे, नाहीतर मांडवात वाद होईल. डावांचा आकडा ६७८.२ असा छापलेला दिसतो, तो दशांश नव्हे. ६७८ डाव आणि वर दोन गडी बाद (तीन बाद झाले की डाव संपतो).

वेंगुर्लेकर
पटवायला सड्यावरचं पीच पुरे. आपले २२ यार्ड म्हणजे ६६ फूट. तेव्हा पिचरच्या चौकटीची पुढची रेघ होमप्लेटपासून (फलंदाज उभा राहतो ती जागा) ५० फुटांवर. ६० फूट ६ इंच आले १८९३ त, तोवर हा निवृत्तही झाला होता.

खरी गोम बदली खेळाडूंची. दुखापत नसेल तर बाहेरून ताजा पिचर आणता येत नसे, मैदानातल्याच कोणाशी जागा बदलायची. २२ जुलैला चार्ली स्वीनीला उजव्या क्षेत्रात जायला सांगितलं, तो ऐकेना, सरळ निघून गेला. आठ जणांनी सामना घालवला आणि स्वीनीला संघाने काढलं. रॅडबोर्न त्याआधीच निलंबित. त्याने अट घातली: उरलेला मोसम मी ओढतो, पण मोसम संपल्यावर मला राखीव कलमातून मोकळं करा. (त्या कलमामुळे मालक सोडेपर्यंत खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे.) त्या वर्षी ७३ सामने त्याने सुरू केले, ७३ ही स्वतःच संपवले, ४४१ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज).

सड्यावरचा, देवगड
हात राहिला काय रे मग?

रापणकर
राहिला, पण तो जोर गेला. १८८५ त २८ विजय, आणि मोकळीक मिळूनही तो प्रॉव्हिडन्सलाच होता. मग बोस्टन, शेवटी १८९१ त सिनसिनाटी. १८९७ त वारला. ‘सकाळी केस विंचरायलाही हात उचलत नसे’ हा किस्सा ऐकीव आहे, प्रश्नात घालू नको.