हुरडा महोत्सवात शेवटपर्यंत कोवळा हुरडा कसा मिळेल?

प्रश्न:
नमस्कार मंडळी. अकोला जिल्ह्यातील आमच्या गावात दरवर्षी हुरडा महोत्सव भरतो, परंतु मागील खेपेस दुपारनंतरचा हुरडा पिठूळ लागला आणि लांबून आलेले पाहुणे हिरमुसले. यंदा काय काळजी घ्यावी?

उत्तर:
दादा, कणसे आदल्या दिवशी तोडू नका. तोडल्यानंतर दाण्यातील साखर कमी होत जाते आणि गोडी उतरते, म्हणून आगटी पेटल्यावर लागतील तशीच तोडावीत. महोत्सव दोन-तीन दिवसांचा असल्यास पेरणीही टप्प्याटप्प्याने करावी. वाण मात्र हुरड्याचेच हवे. आपल्याकडची वाणी ज्वारी यासाठी उत्तम आहे, आणि ती टिकावी असे मला मनापासून वाटते.

उत्तर:
वरील मताशी सहमत आहे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणीस गरम असतानाच तळहातांमध्ये चोळावे, कारण निवल्यावर दाणे सहज सुटत नाहीत. मग सुपात पाखडून, कोंडा उडवून, लगेच वाढावे. चोळण्यासाठी अनुभवी बायाबापड्यांनाच बोलवा व त्यांना योग्य मजुरी द्या. सोबत जवसाची चटणी असावी.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. पेरणीचे टप्पे येत्या खरिपातच ठरवतो.