अनुभव धागा: ओस पडलेल्या प्रयोगशाळा आणि तिथे सुचलेली कथाबीजे

धागाकर्ती:
ओस पडलेल्या प्रयोगशाळेवरच्या भयकथा बहुधा एखादा माथेफिरू शास्त्रज्ञ आणि पिंजऱ्यातून सुटलेला प्राणी एवढ्यावरच संपतात, याची मला मनापासून खंत वाटते. कारण माणसे निघून गेल्यावर प्रयोगशाळेत जे मागे राहते, ते याहून कितीतरी अधिक अंगावर काटा आणणारे असते. ज्यांनी अशी जागा आतून पाहिली आहे, त्यांनी आपला अनुभव आणि त्यातून सुचलेले कथाबीज इथे लिहावे, ही विनंती. संस्थेचे नाव कृपया देऊ नये.

माझा अनुभव प्राणिशास्त्र विभागाच्या जुन्या इमारतीतला आहे. तिथल्या फॉर्मॅलिनच्या बरण्यांच्या झाकणांवरचे मेण तडकले होते, त्यामुळे आतला द्रव उडून अर्ध्यावर आला होता आणि प्रत्येक नमुन्याचा वरचा भाग वाळून काळा पडला होता, तर खालचा भाग पांढुरका आणि मऊ राहिला होता. चिठ्ठ्या कसरीने खाल्ल्या होत्या. कोणता नमुना कुठला आणि कधीचा, हे सांगणारी एकच नोंदवही उरली होती. माझे कथाबीज अशाच एका वहीचे आहे: एका बरणीपुढे, नमुना सापडल्याचे ठिकाण म्हणून त्याच इमारतीचे तळघर लिहिलेले आहे, आणि इमारतीच्या कोणत्याही नकाशात तळघर नाही.

रंगारी:
मी रंगद्रव्यांच्या एका कारखान्याच्या संशोधन विभागात होतो. कारखाना बंद पडून बराच काळ लोटल्यावर जागा विकायचे ठरले, तेव्हा शिल्लक रसायनांची यादी करण्यासाठी मला बोलावले गेले आणि सोबतीला तिथलेच जुने परिचर आले. मी पत्र्याच्या एका कपाटाकडे वळलो, तोच ते म्हणाले, "साहेब, त्याला हात लावू नका. खंडेनवमीलासुद्धा त्या कपाटावरून आम्ही कधी फडकं फिरवलं नाही." बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर अर्धवट उघड्या दाराआड पिक्रिक आम्लाची बाटली होती आणि तिच्या झाकणाच्या कडेने पिवळे स्फटिक जमले होते. हे आम्ल नेहमी पाण्याने ओले ठेवावे लागते. सुकले की ते धक्क्याने किंवा घर्षणाने फुटू शकते, आणि झाकणाच्या आट्यांत स्फटिक अडकलेले असतील तर झाकण फिरवणेही जिवावर बेतू शकते. कपाटाला न शिवता आम्ही बाहेर आलो आणि पुढचे काम बॉम्बशोधक पथकाने केले. "काका, तुम्हाला हे कोणी सांगितलं होतं?" असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "माझ्या आधीच्या परिचरानं. का ते त्यालाही ठाऊक नव्हतं."

माझ्या कथेत भूत नाही. छतावरची पाण्याची टाकी वर्षानुवर्षे पाझरते आहे आणि तडकलेल्या झाकणातून ठिबकणाऱ्या त्या पाण्यानेच बाटली ओली राहिली आहे. नवा मालक हौसेने सर्वांत आधी टाकी दुरुस्त करून घेतो.

सूक्ष्मा:
निवृत्त झालेल्या एका संशोधकांचा अतिशीत फ्रीझर रिकामा करण्याचे काम मी केले आहे. बर्फाच्या थराखाली चिठ्ठ्या सुटून आल्या होत्या आणि काही कुप्यांवर केवळ आद्याक्षरे होती, त्यामुळे आत काय आहे हे कळेपर्यंत प्रत्येक कुपी घातक मानूनच हाताळावी लागली. ही भीती कल्पनेतली नाही. २०१४ साली अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या आवारात, एका प्रयोगशाळेच्या स्थलांतराची तयारी चालू असताना, शीतकक्षातल्या जुन्या खोक्यात देवीच्या विषाणूच्या ६ कुप्या सापडल्या. त्या १९५४ सालच्या असाव्यात असे मानले गेले आणि तपासणीत त्यांपैकी २ कुप्यांतला विषाणू जिवंत निघाला. देवीचे जगातून उच्चाटन झाल्याची घोषणा १९८० सालीच झाली होती.

माझ्या कथेत असा फ्रीझर भंगारात जातो. पुढे तो फोडणाऱ्या भंगारवाल्याच्या घरातल्या मुलाच्या चेहऱ्यावर आणि तळहातांवर फोड येतात. डॉक्टरांनी देवीचा रोगी कधी पाहिलेलाच नाही, आणि ते फोड ओळखणारी घरात एकटी आजी आहे, जिचे म्हणणे कोणी मनावर घेत नाही.

अनुनाद:
वायुवीजनाची कामे करताना मी अनेक बंद इमारतींत गेलो आहे, आणि काही खोल्यांत शिरताच छातीवर दडपण येते, हे मी स्वतः अनुभवले आहे. इंग्लंडमधील अभियंते विक टँडी यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेला निबंध म्हणूनच मला फार मोलाचा वाटतो. रात्री प्रयोगशाळेत एकटे काम करत असताना त्यांना घाम फुटला आणि नजरेच्या कडेला एक करडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी शेगड्यात, म्हणजे वस्तू घट्ट पकडून ठेवणाऱ्या साधनात, धरलेले तलवारबाजीचे पाते आपोआप थरथरू लागले, तेव्हा शोध घेता नव्याने बसवलेल्या पंख्यामुळे खोलीत सुमारे १९ हर्ट्झची, कानाला न ऐकू येणारी लहर उभी राहत असल्याचे त्यांना आढळले. माझे कथाबीज: इमारतीची वीज कधीच तोडली आहे, पंख्याच्या जागी भिंतीत केवळ भोक उरले आहे, आणि पाते अजून थरथरते आहे.

धागाकर्ती:
सूक्ष्मा, भंगाराचा धागा तुम्ही अवश्य पुढे न्यावा. १९८७ साली ब्राझीलमधील गोयानिया शहरात, सोडून दिलेल्या किरणोपचार केंद्रातले यंत्र भंगारासाठी फोडले गेले, अंधारात निळसर चमकणारी सीझियम-१३७ या किरणोत्सारी द्रव्याची भुकटी लोकांनी कौतुकाने घरी नेली आणि ४ जणांचा मृत्यू झाला. रंगारी, तुमची कथा मला सर्वांत आवडली. तिचा निवेदक टाकी दुरुस्त करणारा प्लंबर असावा असे मला वाटते, कारण त्या कपाटाबद्दल त्याला कोणीच काही सांगितलेले नसेल.