प्रतिसाद: नक्षी तळव्याच्या खालच्या बाजूला का?
वर एकांनी विचारलंय की प्युब्लो लोकांच्या (अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातले मूळ रहिवासी) जुन्या विणलेल्या सॅंडल्सवर खालून नक्षी कशासाठी, ती तर झिजूनच जाणार. प्रश्न रास्त आहे.

ही नक्षी मुख्यतः 'बास्केटमेकर' काळातल्या (प्युब्लो लोकांच्या पूर्वजांचा सुरुवातीचा काळ) उत्तरार्धातली, साधारण इ. स. ५००-७०० ची. पुरातत्त्वज्ञ अर्ल मॉरिस यांनी १९३१ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या प्रेअर रॉक भागातल्या गुहांमधून अशा बऱ्याच सॅंडल्स काढल्या. युक्काच्या पानांतून काढलेल्या वाखाचा बारीक दोरा (युक्का म्हणजे आपल्या बांधावरच्या घायपाताच्या कुळातलंच झाड), वरच्या बाजूला रंगीत पट्टे, आणि खाली गाठी मारून उठवलेल्या भौमितिक आकृत्या. गाठींमुळे पकड मिळत असणारच. पण नुसत्या पकडीसाठी इतकी गुंतागुंत कोण करेल? मऊ मातीत पाऊल पडलं की नक्षीचा ठसा उमटणार, त्यावरून कोण गेलं ते कळणार, असा एक तर्क अभ्यासक मांडतात. मला तो पटतो.

टिकल्या कशा, तर गुहा कोरड्या ठक्क. पाऊस आत पोचत नाही, ओल नाही, म्हणून बुरशीही नाही.

पुढे कोलोरॅडोतल्या मेसा व्हर्देच्या कड्यांतल्या घरांच्या काळात, तेराव्या शतकाच्या आसपास, युक्काच्या अख्ख्या पानांच्या साध्या सॅंडल्स जास्त दिसतात. त्या पटकन विणून होत.

आणि न्यू मेक्सिकोच्या चाको खोऱ्यातलं प्युब्लो बोनितो, म्हणजे तिथली शेकडो खोल्यांची जुनी दगडी वसाहत, विसरू नका. तिथे पायाला सहा बोटं असलेल्या काही व्यक्तींचे सांगाडे मिळालेत, आणि करंगळीच्या बाजूला सहाव्या बोटासाठी जागा ठेवलेल्या सॅंडल्सही!