बायोसमध्ये हात घातला आणि विंडोज उठेना

खटपट्या:
मंडळी वाचवा. काल रात्री लिनक्स मिंट (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून बघावं म्हणून पेनड्राइव्ह बनवला, त्यावरून चालू पण झालं, पण इन्स्टॉल करताना आतली एसएसडीच, म्हणजे सगळा डेटा असलेली डिस्कच, दिसेना. कुठेतरी वाचलं होतं की बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारी मशीनची मूळ सेटिंग्ज) सॅटाचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, बदलला की दिसते, मग एफ टू दाबून आत गेलो, रेड होतं ते एएचसीआय केलं, सेव्ह. एसएसडी दिसली खरी पण पार्टिशनच्या (डिस्कचे भाग पाडायच्या) पानावर माझी हिंमत झाली नाही, काही न करता बंद केलं. आता विंडोज ११ चालू करतोय तर निळा स्क्रीन, रडका चेहरा, खाली इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस, मग आपोआप रिपेअर, की परत निळा. सकाळी लॅपटॉप कोपऱ्यावरच्या रिपेअरवाल्याकडे नेला तर म्हणे एसएसडी गेली, नवीन टाका. बायकोचे जीएसटीचे सगळे एक्सेल त्यात आहेत आणि तिला अजून सांगितलेलं नाही.

वायरमन:
एसएसडी ठणठणीत आहे हो, मेलेली असती तर मिंटला कशी दिसली असती? झालंय असं की विंडोज उठताना त्याला जो स्टोरेज ड्रायव्हर (डिस्क चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) लागतो तेवढाच आधी लोड करतं. तुमचं विंडोज रेड मोडमध्ये टाकलेलं, म्हणजे इंटेलचा ड्रायव्हर. मोड बदलल्यावर तो ड्रायव्हर निरुपयोगी आणि दुसरा चालूच केलेला नाही, त्यामुळे त्याला स्वतःची डिस्कच सापडत नाहीये. परत रेड करा, उठेल. फॅक्टरी डीफॉल्टचं बटण मात्र दाबू नका, त्याने आणखी काय काय बदलेल सांगता येत नाही. आणि ते रिसेट धिस पीसी (विंडोज नव्याने टाकायचा पर्याय) तर अजिबात नको.

भटकभवानी:
विंडोजच काढून टाका, कटकट नाही 😄

खटपट्या:
ताई, एक्सेल माझे असते तर काढलंही असतं.
वायरमन दादा, परत रेड केलं, निळा स्क्रीन गेला पण वेगळाच निळा आला, बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) म्हणतोय, ४८ आकडी रिकव्हरी की मागतोय!! मी तर कधी बिटलॉकर लावलाच नव्हता. आठवलं, त्याच झटक्यात बायोसमधलं सिक्युअर बूट (फक्त खात्रीची सिस्टिम उठू देणारं सेटिंग) पण बंद केलं होतं.

सातारी:
हेच माझ्या भाच्याचं झालं होतं. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याचदा एन्क्रिप्शन गुपचूप चालू होतं, आणि बूटचं सेटिंग हललं की त्याला संशय येतो. आधी सिक्युअर बूट चालू करून बघा, कदाचित मागणारच नाही. मागितलीच तर मोबाइलवर त्याच अकाउंटच्या साइटवर जा, तिथे डिव्हाइसच्या नावाखाली की असते. दोन-तीन दिसल्या तर स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली अक्षरं जुळवा. अकाउंट कोणाचं आहे ते बघा बरं का, आमच्याकडे ते ताईच्या नावाने निघालं, आम्ही तासभर भाच्याच्या अकाउंटमध्ये शोधत होतो.

खटपट्या:
उठलं!!! सिक्युअर बूट चालू केल्यावरही मागितलीच, आणि अकाउंट बायकोचंच निघालं, म्हणजे सांगावं लागलंच. तिने शांतपणे आकडे वाचून दाखवले, मी टाइप केले, सहाव्या गटात चुकलो तेव्हा फक्त एक नजर टाकली. एक्सेल जागच्या जागी.
पण मिंट टाकायचंच आहे. मग एएचसीआय करायचं कसं?

वायरमन:
आधी एक्सेल बाहेरच्या डिस्कवर कॉपी, मग पुढचं वाचा. बिटलॉकर सस्पेंड करा, म्हणजे तात्पुरता थांबवा. एमएसकॉन्फिग (विंडोज कसं उठावं ते ठरवायचं टूल) उघडून बूट टॅबमध्ये सेफ बूटवर टिक, मिनिमल. रीस्टार्ट होताना थेट बायोसमध्ये शिरून एएचसीआय करा. सेफ मोडमध्ये (मोजक्याच गोष्टी लोड करून उठताना) विंडोज योग्य तो ड्रायव्हर उचलतं. आत गेलात की ती टिक काढा, परत रीस्टार्ट, झालं. पिन तिथे कधी कधी चालत नाही, अकाउंटचा पासवर्ड पाठ हवा.
आणि बायोसमध्ये शिरल्यावर हात लावण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो.

खटपट्या:
पासवर्ड पण तिचाच आहे. रविवारी विचारून बघतो.