मदत हवी आहे: कुरणात सोडलेले शेणकिडे गेले कुठे?

माळरान:
शेण जमिनीत पुरणारे शेणकिडे विकत घेऊन कुरणात सोडले होते. आता शेणाचे पो उलथून पाहतोय, तर खाली एकही किडा नाही. पो जागच्या जागी वाळतायत, गायी त्यांच्या कडेच्या गवताला तोंड लावत नाहीत, माश्यांनी जीव नकोसा केलाय. विकणारा फोन उचलत नाही. मालक रोज विचारतो, पैसे गेले कुठे? पुन्हा मागवू का? लवकर सांगा, नव्या किड्यांच्या नोंदणीची मुदत संपत आलीय.

शिवारकट्टा:
जिल्हा कोणता? जनावरं किती? किडे विकत आणायची गरजच नाही. शेण रोज उचला, जीवामृत करा, उरलेलं गांडूळखताला घाला. आमची जमीन त्यानेच सुधारली.

हिरवा_चुडा:
शेणातली पांढरी अळी म्हणजे हुमणी! कृपा करून सोडू नका, उसाची मुळं खाऊन टाकते. शेणखतात मेटारायझियम (अळी मारणारी बुरशी) मिसळा. वळवाच्या पावसानंतर भुंगेरे कडुनिंब-बाभळीवर जमतात, तेव्हाच प्रकाश सापळे लावा.

माळरान:
ऊस नाही हो. दुधाचा फार्म आहे, ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरियाच्या पश्चिमेला. चारशे गायी, रात्रंदिवस कुरणावरच. एक गाय दिवसाला दहा-बारा पो टाकते. उचलणार कोण?

मातीपाणी:
तीन गोष्टी सांगा, त्याशिवाय उत्तर देता येत नाही. जात कोणती? कुठल्या महिन्यात सोडले? गायींना जंताचं औषध कोणतं देता?

वायकाटोकर:
न्यूझीलंडमध्ये २०१३ पासून परदेशी शेणकिडे सोडतायत. इथले मूळचे शेणकिडे जंगलातले, ते कुरणात येत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: जंतासाठी पाठीवर ओतायचं औषध पूर्ण बंद करा. बाकी सगळं आपोआप होतं.

माळरान:
जात बुबास बायसन. जूनमध्ये सोडले. तेव्हा पोंच्या कडेला उकरलेल्या मातीचे ढीग दिसले होते, मग सगळं थांबलं. औषध आयव्हरमेक्टिन, पाठीवर ओततो. सगळेच ओततात.

मातीपाणी:
मग बरेचसे किडे मेले नसावेत, जमिनीत असावेत. बुबास बायसन हिवाळ्यातला किडा. तिकडे ऋतू आपल्या उलट, म्हणून तो एप्रिल-मेमध्ये बाहेर येतो, सप्टेंबरच्या सुमारास दिसेनासा होतो. मादी पोच्या खाली बोगदा खणते, शेण आत ठासून भरते आणि त्यात अंडी घालते. आता, डिसेंबरात, तिथे फक्त अळ्या असतात. पुढच्या शरदात (तिकडचा मार्च ते मे) त्यांचे किडे होऊन वर येतील, काही तर त्याच्याही पुढच्या वर्षी. आता पो उलथून काहीच सापडायचं नाही. जूनमध्ये जिथे ढीग दिसले तिथे फावड्याने हातभर खणा. दाबलेल्या शेणाच्या कांड्या आणि आत पांढरी, बाकदार अळी दिसली, तर तुमचं काम झालंय. ते शेण मुळांपाशी पोचतं, बोगद्यातून पाणी आणि हवा खाली जाते. जमीन सुधारते ती याच कामामुळे.

आयव्हरमेक्टिन मात्र घातक आहे. ते शेणातून बाहेर पडतं आणि काही आठवडे त्या शेणातल्या अळ्या मारतं. किडे सोडण्याच्या सुमारास ओतलं असेल तर फटका बसलाच असणार.

वायकाटोकर:
म्हणजे मी म्हणालो तेच. बंद करा.

मातीपाणी:
सरसकट बंद करून जंत वाढले तर वासरं खंगतात, दूध घटतं. त्याची भरपाई कोण करणार? शेणाची तपासणी करून गरज असलेल्या जनावरांनाच औषध द्या. मॉक्सिडेक्टिन या जंताच्या दुसऱ्या औषधाचा त्रास शेणकिड्यांना बराच कमी होतो. जनावरांच्या डॉक्टरांशी बोलून बदला.

शिवारकट्टा:
परदेशी किडा आणण्यालाच माझा विरोध आहे. ऑस्ट्रेलियाने १९३५ साली उसातल्या भुंगेऱ्यांसाठी केन टोड आणला. आज तो बेडूक त्यांना आवरत नाही.

मातीपाणी:
भीती रास्त आहे, म्हणूनच शेणकिड्यांसाठी वेगळी पद्धत होती. ऑस्ट्रेलियातल्या मूळच्या शेणकिड्यांना कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांची सवय. १७८८ मध्ये गुरं आली आणि ओलं शेण साचत गेलं. हे ओळखलं कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज बोर्नेमिसा यांनी. सीएसआयआरओ या तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने परदेशातून अंडी आणली, ती निर्जंतुक केली, हाताने बनवलेल्या शेणाच्या गोळ्यांत वाढवली आणि मगच पुढची पिढी सोडली. ४३ जाती सोडल्या, २३ टिकल्या. हे किडे शेणावरच जगतात, पिकाला हात लावत नाहीत.

हिरवा_चुडा:
मग माझ्या शेणखताच्या ढिगातली अळी कोणती? फोटो टाकू का?

माळरान:
कृपया वेगळा धागा काढा. मातीपाणी, खणून पाहिलं. कांड्या आहेत, दोन-तीन ठिकाणी अळ्याही दिसल्या! पण आत्ताच्या माश्यांचं काय? मालकाला काय सांगू?

मातीपाणी:
माश्यांचा हंगाम उन्हाळ्याचा, तुमचा किडा हिवाळ्याचा. शिवाय शेणात वाढणारी तिकडची माशी, बुश फ्लाय, उत्तरेच्या वाऱ्याबरोबर लांबूनही येते, त्यामुळे एकट्या तुमच्या कुरणाने ती संपणार नाही. बुबास पुन्हा मागवू नका. उन्हाळ्यासाठी ऑन्थोफॅगस टॉरस ही जात मागवा, शरदासाठी जिओट्रुप्स स्पिनिजर. त्याआधी शेजाऱ्यांच्या कुरणातले ताजे पो उलथून पाहा, टॉरस तिथे आधीच असेल तर तोही विकत घ्यायला नको. आणि कुरणाच्या ज्या भागात किडे सोडाल, तिथे औषध दिलेल्या गायी काही आठवडे चारू नका.

माळरान:
उद्या सकाळच्या धारा आटोपल्या की शेजारी जातो. तोवर नोंदणी थांबवली आहे.