'टक्करविरहित आघात तरंग' या संज्ञेत विसंगती आहे का?

प्रश्न : चुंबकित आयनद्रायूतील (प्लाझ्मातील, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूतील) सापेक्षीय आघात तरंगांच्या (शॉक वेव्हच्या) संगणकीय सदृशीकरणाविषयी (सिम्युलेशनविषयी) वाचताना 'टक्करविरहित आघात तरंग' ही संज्ञा वारंवार येते. टक्करच नसेल, तर आघात कसला? शिवाय 'सापेक्षीय' म्हणावे की 'सापेक्षतावादी'?

उत्तर : विसंगती भासते, कारण आपल्या डोळ्यांपुढे हवेतला आघात तरंग असतो. स्वनातीत विमानापुढचा तरंग रेणूंच्या परस्पर टकरींवरच उभा असतो. क्रॅब अभ्रिकेत, म्हणजे १०५४ साली दिसलेल्या अतिनवताऱ्याच्या अवशेषात, मध्यावरच्या स्पंदकापासून, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यापासून, निघणारा कणांचा वारा मात्र इतका विरळ असतो, की एखादा कण दुसऱ्यावर आदळण्याआधीच अख्खी अभ्रिका ओलांडून जाईल. तरीही हा वारा एका सीमेपाशी अडतो आणि तिथे त्याचा वेग व घनता एकाएकी बदलतात, कारण कणांना वळवण्याचे काम विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रे करतात. 'आघात' हे त्या आकस्मिक बदलाचे नाव आहे आणि 'टक्कर' हे तो घडण्याच्या एका रीतीचे, म्हणून संज्ञा निर्दोष आहे.

'चुंबकित' या विशेषणाकडे अधिक लक्ष द्यायला हवे. चुंबकित लोखंडाला स्वतःचे चुंबकत्व येते. इथे मात्र प्रवाहात गुंतलेले क्षेत्र अभिप्रेत असून, चुंबकीय ऊर्जेचे प्रवाहाच्या ऊर्जेशी असलेले गुणोत्तर, म्हणजे 'सिग्मा', हे त्याचे माप होय. सिग्मा अत्यल्प असेल, तर समोरासमोर येणारे प्रवाह वाइबेल अस्थैर्यामुळे तंतूंसारखे विभागले जातात आणि कणांना थोपवणारे क्षेत्र स्वतःच निर्माण करतात. सिग्मा पुरेसा मोठा असेल, तर कण आधीच्याच क्षेत्राभोवती घिरट्या घेऊन वळतात. आणि ते क्षेत्र प्रवाहाला आडवे असेल, तर कणांना तरंग पुन्हा ओलांडून मागे येणे दुरापास्त होते व फर्मी त्वरण, म्हणजे तरंग पुन्हा पुन्हा ओलांडताना कणांची ऊर्जा वाढत जाणे, जवळजवळ थांबते. एका विशेषणाने निष्कर्षच पालटतो, म्हणून ते गाळू नये.

'सदृशीकरण' हा शब्द मला 'नक्कल'पेक्षा प्रामाणिक वाटतो. कण-कोष्ठक (पार्टिकल-इन-सेल) पद्धतीत, म्हणजे कणांची गती आणि कोष्ठकांच्या जाळ्यावरची क्षेत्रे आळीपाळीने मोजणाऱ्या पद्धतीत, संगणकातला एकेक कण असंख्य खऱ्या कणांचा प्रतिनिधी असतो. प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे १८३६ पट जड असला, तरी गणनाखर्च आवरण्यासाठी हे गुणोत्तर पुष्कळदा बरेच कमी धरतात.

'सापेक्षतावादी' टाळावे, 'वादी' म्हणजे मत मानणारा, आणि तरंगाला मत नसते. प्रकाशवेगाच्या जवळपास जाणाऱ्या प्रवाहासाठी 'सापेक्षीय' पुरेसे आहे.

पुरवणी : 'तरंगापुढे' आणि 'तरंगामागे' हे शब्दप्रयोगही जपून करावेत. सदृशीकरणात प्रवाह बहुधा एका परावर्तक भिंतीवर सोडतात. परतणारे कण येणाऱ्या कणांत मिसळून आघात तरंग तयार होतो आणि तो भिंतीपासून दूर सरकू लागतो. अभ्रिकेच्या चित्रात मात्र तोच तरंग जवळपास स्थिर दाखवलेला असतो, त्यामुळे पुढे कोणते आणि मागे कोणते, याचा घोळ होतो. 'आघातपूर्व' आणि 'आघातोत्तर' हे शब्द दोन्हीकडे एकाच अर्थाने चालतात.